अडथळ्यांची वही

आमच्या साइट ऑफिसात, म्हणजे एका जुन्या कंटेनरमध्ये, चहाच्या थर्मासशेजारी एक लांबट वही पडलेली असते. कडक पुठ्ठा, पानांवर क्रमांक घातलेले, फाडायची सोय नाही. नाव ‘हिंड्रन्स रजिस्टर’. कागदोपत्री मराठीत ‘अडथळा नोंदवही’ म्हणतात म्हणे, साइटवर तसं म्हणताना मी कोणाला ऐकलेलं नाही. काम कशामुळे अडलं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत अडलं, एकूण दिवस किती गेले, आणि शेवटी दोन सह्या. एक ठेकेदाराच्या माणसाची, एक सरकारी अभियंत्याची. मुंबईतला एखादा पूल का रखडला याचं उत्तर बहुतेक वेळा या वहीत असतं. ज्यांचा पूल असतो त्या मुंबईकरांनी मात्र ती वही कधी पाहिलेली नसते.

मी बावीस वर्षं स्ट्रक्चरल स्टीलच्या कामात आहे, त्यातली अकरा वर्षं ठेकेदार कंपन्यांत प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून. पादचारी पूल, रेल्वेवरचे गर्डर म्हणजे पुलाच्या आडव्या पोलादी तुळया, कारखान्यांच्या शेड, एक मॉल. नातेवाइकांना वाटतं मी पूल बांधतो. माझं खरं काम लग्नघरातल्या काकासारखं आहे. लग्न दुसऱ्याचं, मुहूर्त गुरुजींचा, पैसे तिसऱ्याचे, आणि आचारी आला नाही तर शिव्या काकाला. तर या काकाचं म्हणणं असं आहे की ती वही लोकांसमोर आली पाहिजे. दर आठवड्याला, जशीच्या तशी, साइटच्या बोर्डावर आणि खात्याच्या वेबसाइटवर.

हे का म्हणतो, ते समजायला आधी स्टीलचं काम कसं चालतं ते पाहावं लागेल.

काँक्रीटचं काम साइटवर घडतं. स्टीलचं काम दुसरीकडे कुठेतरी घडून येतं, साइटवर फक्त जोडलं जातं. मुंबईला हे नवीन नाही. काळा घोड्याजवळची जुनी वॉटसन हॉटेलची इमारत बघा. तिचा ओतीव लोखंडाचा सांगाडा एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये तयार झाला, जहाजाने आला आणि इथे जोडला. अलीकडे अंधेरीच्या गोखले पुलाचे गर्डर अंबाल्याच्या कारखान्यात बनले. जुलै २०२३ मध्ये तिकडे पूर आला आणि अंधेरीचं वेळापत्रक कोलमडलं. अंधेरीत सिग्नलला अडकलेल्या माणसाला याची काय कल्पना असणार? तो ठेकेदाराला शिव्या देत होता.

जोडायचं काम म्हणजे मापाचं काम. २० मिलिमीटरच्या बोल्टसाठी २२ मिलिमीटरचं भोक असतं. सगळी मोकळीक दोन मिलिमीटरची. आता पोलाद उन्हात वाढतं. ९० मीटरचा गर्डर पहाटेपेक्षा वीस अंशांनी तापला की जवळजवळ २२ मिलिमीटर लांब होतो. म्हणजे दुपारी तीनला घेतलेलं माप पहाटे तीनला खोटं ठरतं. म्हणून यार्डात ट्रायल असेंब्ली करतात, आख्खा गर्डर एकदा जमिनीवर जोडून बघतात, तुकड्यांवर खुणा करतात, परत सुटा करून ट्रेलरवर चढवतात. काँक्रीटमध्ये चूक झाली तर छिन्नी चालवता येते, मसाला भरता येतो. वर टांगलेल्या पन्नास टनाच्या गर्डरला समजावता येत नाही.

त्यात मुंबईत हे सगळं मेगाब्लॉकमध्ये. शेवटची लोकल गेल्यावर कागदावर तीन तास मिळतात. वरच्या तारेतला २५ हजार व्होल्टचा प्रवाह बंद झाल्याचा लेखी कागद हातात येईपर्यंत क्रेनचा बूम, म्हणजे तिचा लांब हात, हलवायचा नाही. तार परत चालू करायच्या आधी सगळं आवरून बाजूला. हातात खरे दोन तास राहतात. त्या दोन तासांसाठी चार महिने तयारी चाललेली असते.

काही वर्षांपूर्वीची एक रात्र सांगतो. मध्य उपनगरातला पादचारी पूल. गर्डर आमचे, खांब दुसऱ्या ठेकेदाराचे. आमच्या धंद्यात जागा ताब्यात मिळण्याला ‘फ्रंट मिळणं’ म्हणतात. आम्हाला फ्रंट मिळाला ठरल्यापेक्षा २३ दिवस उशिरा, ब्लॉकला दोन दिवस राहिलेले असताना. याची नोंद वहीत व्हायलाच हवी होती. मी वही उघडलीसुद्धा. समोर बसलेले उपअभियंता भले गृहस्थ, दिवाळीला फराळ पाठवणारे. म्हणाले, “अहो, कशाला लिहिता? वर जातं ते. आपण सांभाळून घेऊ ना.” मी पेनाला टोपण लावलं.

रविवारची रात्र. सव्वाएक ते सव्वाचार असा ब्लॉक. तार बंद झाल्याचा कागद हातात आला तेव्हा पावणेदोन वाजले होते. गर्डर उचलला, सुरेख फिरला, खांबाच्या माथ्यावर आला आणि हातभर अंतरावर थांबला. काँक्रीटमधून बेअरिंगचे, म्हणजे गर्डर ज्यावर टेकतो त्या बैठकीचे, चार बोल्ट वर आलेले, गर्डरच्या बुडाच्या प्लेटला चार भोकं. खलाश्यांचा, म्हणजे अवजड माल उचलून बसवणाऱ्या कामगारांचा, मुकादम पोटावर आडवा होऊन टॉर्च मारत होता. त्याने मान वर केली आणि एक बोट आडवं धरून दाखवलं. टेप लावली. बारा मिलिमीटर. चारही बोल्ट एकाच अंगाला सरकलेले. मुकादम म्हणाला, “साब, गॅस मार दूँ? दस मिनट का काम है.”

हे दहा मिनटांचं काम आमच्या धंद्याचं पाप आहे. गॅस कटरने भोक वाढवलं की कडा दातेरी होते, भोवतालचं पोलाद भाजून निघतं, बोल्ट घट्ट आवळला तरी जसा धरायला हवा तसा धरत नाही. कुठल्याही नीट लिहिलेल्या स्पेसिफिकेशनमध्ये याला मनाई असते. पण मोठा वॉशर टाकला की सगळं झाकलं जातं. दुसऱ्या दिवशी तपासायला येणाऱ्याला दिसत नाही. पंधरा-वीस वर्षांनी दिसतं, तेव्हा तपासणारा वेगळा असतो आणि मुकादम गावी गेलेला असतो.

मी नाही म्हटलं. गर्डर परत ट्रेलरवर ठेवायलाच पाऊण तास गेला. ब्लॉक वाया. पुढचा मिळाला एकोणीस दिवसांनी. दरम्यान पेपरात आलं, ‘नियोजनाअभावी मेगाब्लॉक फुकट, प्रवाशांचे हाल’. आणि दंडाचा हिशेब झाला तेव्हा ते २३ दिवसही आमच्या खात्यावर धरले, कारण वहीत त्यांची नोंदच नव्हती. उपअभियंत्यांची तोवर बदली झाली होती.

यात माझी चूक दुहेरी. नोंद केली नाही ही एक. दुसरी जास्त मोठी: फ्रंट उशिरा मिळाला तरी बोल्टांची मोजणी मी सर्व्हेयरकडून अर्ध्या दिवसात करून घेऊ शकलो असतो. ‘आता वेळ नाही’ म्हणून ड्रॉइंगवर विश्वास ठेवला. वेळ नाही म्हटलं की पहिला बळी तपासणीचाच जातो, हे मला माहीत होतं आणि तरी मी तेच केलं.

तपासणीच का? कारण तिला कोणी वाली नाही. एप्रिल २०२४ मध्ये सागरी किनारा रस्ता वांद्रे-वरळी सी लिंकला जोडणारा पहिला गर्डर बसवला. १३६ मीटर लांब, दोन हजार टनांचा, बार्जवरून आणलेला. भरती-ओहोटीचं गणित मांडून पहाटे बसवला, उत्तम काम झालं. तेव्हा समुद्राला कोणी म्हटलं नाही की जरा अर्धा तास थांब, पाहुणे वाटेत आहेत. समुद्राची वेळ मान्य, रेल्वेच्या ब्लॉकची वेळ मान्य. रंगाचा पहिला हात सुकायला लागणारा वेळ, वेल्डची अल्ट्रासॉनिक तपासणी, बोल्टांना शेवटचा टॉर्क, म्हणजे ठरलेल्या जोराचा पीळ, देऊन प्रत्येकावर खडूने खूण करायला लागणाऱ्या तीन पाळ्या, यांची वेळ मात्र रबरासारखी. ओढली की लांबते, सोडली की आखडते. मुंबईच्या खाऱ्या हवेत अर्धवट सुकलेल्या रंगावर दुसरा हात मारला तर काय होतं ते बघायला कुठल्याही स्टेशनच्या जिन्याखाली उभं राहा.

तारीख आधी जाहीर होते, ही मूळ गोष्ट. डिझाइनवर शेवटची सही झालेली नसते, जमिनीखालची पाण्याची लाइन हलवायची असते, झाडांची परवानगी यायची असते, रेल्वेने गर्डरचं ड्रॉइंग परत पाठवलेलं असतं, आणि बोर्डावर तारीख रंगवून झालेली असते. मग काम तारखेकडून मागे मोजत यायचं. मागे मोजताना वरचे दिवस आधीच गेलेले असतात, म्हणून कापायला शेवटचे दिवस उरतात. शेवटच्या दिवसांत काय असतं? तपासणी.

यावर लोक लष्कराचं उदाहरण देतात, आणि ते द्यायलाच हवं. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्यानंतर लष्कराने तिथे, करी रोडला आणि आंबिवलीला पूल उभे केले, फेब्रुवारी २०१८ च्या अखेरीस ते खुलेही झाले. काही महिन्यांत. उलट सीएसएमटीजवळचा हिमालय पूल १४ मार्च २०१९ रोजी संध्याकाळी कोसळला, त्याच्या जागी नवा पूल यायला २०२३ उजाडलं. मधे कोविड आला हे खरं. तरी एका रस्त्यावरून जाणाऱ्या पादचारी पुलाला चार वर्षं?

लोक म्हणतात, बघा शिस्त. शिस्त आहेच. पण माझ्या नजरेला दुसरंही दिसतं. लष्कराचे पूल बेली पद्धतीचे, त्यांचे भाग ठरलेल्या मापाचे, डिझाइन पूर्वीपासून सिद्ध. आणि जवान उभे राहिले तेव्हा त्यांना फ्रंट द्यायला कोणी टाळाटाळ केली असेल असं मला वाटत नाही. आपल्याला चार महिन्यांचं काम चार महिन्यांत करता येतं. मधली वर्षं कुठे जातात हे सांगणारी वही कपाटात असते, एवढाच मुद्दा. हिमालय पुलाच्या चार वर्षांत पोलाद कापायला, जोडायला, उभं करायला किती महिने लागले आणि बाकीचे कोणाच्या टेबलावर गेले, हे त्या पुलावरून रोज जाणाऱ्या माणसाला कळायला काय हरकत आहे?

गोखले पुलाचंच घ्या. ७ नोव्हेंबर २०२२ ला बंद झाला, एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली, आणि त्या दिवशी कळलं की शेजारचा बर्फीवाला पूल याला जुळतच नाही, उंचीत फरक. आख्ख्या शहराला विनोदाला विषय मिळाला. मलाही दोन मीम आले, एक बायकोकडून. रेल्वेवरची उंची वाढवावी लागली, त्यातून हा फरक आला. पुढे व्हीजेटीआय या मुंबईतल्या अभियांत्रिकी संस्थेच्या सल्ल्याने बर्फीवाला पुलाचा तो भाग जॅक लावून उचलला आणि जुलैमध्ये जोडला. काम अवघड होतं, नीट झालं, त्याचं मीम कोणी केलं नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. उंची बदलणार हे ज्या दिवशी पक्कं झालं, त्या दिवशी ही नोंद लोकांना दिसली असती तर? ‘अमुक तारखेला उंची वाढवण्याचा निर्णय, त्यामुळे शेजारचा पूल सध्या जुळणार नाही, उपाय शोधत आहोत.’ एवढी एक ओळ. उद्घाटनाच्या दिवशी हसं झालं नसतं, आणि अंधेरीकरांनी दुसरा रस्ता आधीच धरला असता.

आता माझ्या बाजूच्या लोकांबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर हा लेख ठेकेदाराचं वकीलपत्र होईल. हिंड्रन्स रजिस्टर हे आज शस्त्र म्हणूनही वापरलं जातं. काही कंपन्यांत ‘क्लेम’चा वेगळा माणूस असतो, त्याला पुलात रस नसतो, वहीत असतो. अर्धा दिवस पाऊस पडला, लिहा. साहेब रजेवर होते, लिहा. पुढे मुदतवाढ मागताना आणि लवादासमोर दर ओळीचे पैसे होतात. आणि या वहीत ठेकेदाराचे स्वतःचे अडथळे कधीच नसतात. फॅब्रिकेशन यार्डाने चार कामं एकदम घेतली म्हणून आपला माल मागे पडला, हे कोण लिहिणार? छटपूजेला अर्धे वेल्डर बिहारला गेले आणि बदली माणसांची सोय केली नव्हती, हे? मी तरी परवापरवापर्यंत लिहिलेलं नव्हतं.

त्याहून खोल दुखणं पैशाच्या रचनेत आहे. स्टीलचं बिल साधारणपणे टनावर निघतं. जड गर्डर वर गेला की टन वाढले, चालू कामाचं (आरए) बिल निघालं, मालक खूश. महिनाअखेरीला मालकाचा फोन येतो, “किती टन उठलं?” किती बोल्ट आवळले हे आजवर कोणी विचारलेलं नाही. रेलिंग, क्लीट म्हणजे जोडणीचे छोटे तुकडे, बोल्टांचा शेवटचा टॉर्क, रंगाची डागडुजी यांत टन जवळजवळ नसतात आणि दिवस मात्र खूप लागतात. म्हणून वर गेलेला पूल लांबून पूर्ण दिसतो आणि जवळ जाऊन पाहिलं तर अपुरा असतो. नेमका त्याच वेळी फीत कापायचा दिवस येतो.

म्हणून वही उघडायची तर दोन रकाने हवेत. एकात खात्यामुळे आणि इतर यंत्रणांमुळे गेलेले दिवस, दुसऱ्यात ठेकेदारामुळे गेलेले. दोन्हींवर दोघांच्या सह्या. एखाद्या नोंदीवर एकमत नसेल तर तेही लिहा, ‘अमान्य’ म्हणून सही करा, पण नोंद राहू द्या. आणि तिसरी ओळ तपासणीची: या आठवड्यात कोणती तपासणी ठरली होती, झाली की पुढे ढकलली, ढकलली तर कोणाच्या सांगण्यावरून. माझ्या मते सगळ्यात मोलाची ओळ हीच. ‘कोणाच्या सांगण्यावरून’ असा रकाना छापलेला असला की तोंडी सांगणारे निम्म्याने कमी होतील.

कायदा नवा करावा लागणार नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम सार्वजनिक संस्थांना आपणहून माहिती जाहीर करायला सांगतंच. अर्ज, दहा रुपये, तीस दिवस, अपील या वाटेने कोणी ती वही मागेल तोवर पुलावरून गाड्या धावायला लागलेल्या असतात.

यावर एका वरिष्ठ अभियंता मित्राचा आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. तो म्हणतो, वही उघडी ठेवलीस की कोणी खरं लिहिणारच नाही. आज निदान बंद वहीत थोडंफार खरं असतं. त्याला भीती आहे ती राजकारणाची. ‘जलवाहिनी हलवायला ४१ दिवस’ अशी ओळ दिसली की दोन पक्ष त्यावर भांडतील, आणि ती लिहिणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याची बदली होईल. होऊ शकते. माझं उत्तर एवढंच की आजही तो लिहीत नाही, माझ्यासमोर बसून लिहू नका म्हणतो, आणि बदली त्याची तरीही होते. ओळ जाहीर असेल तर ‘वर जातं ते’ ही धमकी तरी उरणार नाही. वर, खाली, सगळीकडे एकदमच जाईल.

दुसरा आक्षेप, लोकांना कळणार नाही. ज्या शहरातला माणूस मेगाब्लॉकचं वेळापत्रक वाचून जलद लोकल कोणत्या स्टेशनांदरम्यान धिम्या मार्गावरून जाणार हे काढतो, त्याला ‘ड्रॉइंग मंजुरी प्रलंबित, १८ दिवस’ ही ओळ कळणार नाही?

यात माझा स्वार्थही आहे, लपवत नाही. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूरला समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर बसवणारं लाँचर यंत्र कोसळलं आणि वीस माणसं मेली. त्या रात्रीची चौकशी हा वेगळा विषय, त्यावर मी मत देणार नाही. पण त्या आठवड्यात माझ्या प्रत्येक साइटवर खलाशी मला विचारत होते, साहेब, आपलं जॅक तपासलं ना? मी हो म्हणत होतो. तपासलंही होतं. प्रोजेक्ट मॅनेजरच्या डोक्यावर जबाबदारी सगळी असते, आणि काम थांबवायचा अधिकार कागदावर असतो, पण थांबवल्याचं कारण कुठेच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी दिसतो तो फक्त वाया गेलेला ब्लॉक. कारणही दिसणार असेल, तर रात्री अडीच वाजता नाही म्हणणं जरा सोपं होईल. मला, आणि माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेल्या, घराचा हप्ता डोक्यावर असलेल्या पोरांनाही.

सध्याच्या कामावर मी वही रोज लिहितो. दुसरा रकाना छापील नाही म्हणून पट्टीने रेघ मारून घेतलाय. गेल्या मंगळवारी त्यात पहिली नोंद केली: ‘यार्डातून स्प्लाइस प्लेट आल्या नाहीत, ठेकेदाराकडून विलंब, ४ दिवस.’ खाली माझी सही. वही समोर सरकवली तेव्हा उपअभियंता मॅडमनी ती ओळ दोनदा वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि पान उलटून मागच्या महिन्यातल्या केबल हलवण्याच्या नोंदीवर राहिलेली आपली सही करून टाकली.